दुकानदार गटाचा माल उधारीवर नेतात, काय करावं?

गटाची सचिव, सोलापूर:
आमचा १२ जणींचा बचत गट, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. माल खपतो पण पैसे अडकतात. दुकानदार म्हणतो विकलं की देतो आणि मग दोन दोन महिने फोनच उचलत नाही, इकडे ज्वारी रोख आणायची, बायकांना मजुरी रोख द्यायची. तिघी परत खुरपायला जायला लागल्या, त्यांना तरी काय बोलणार. त्यात पावसाळ्यात सादळलेली दोन खोकी भाकरी परत आली ती वेगळीच.

सांगलीकर:
ताई, उद्यम नोंदणी करा, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे. २००६ च्या कायद्यानं लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं.

माजी अध्यक्षा:
कागदावर बरोबर आहे हो दादा, पण गावातल्या दुकानदारावर केस कोण करणार, उद्या त्याच्याच दारात माल घेऊन जायचंय ना. आम्ही पहिली खेप रोख, पुढची खेप मागचे पैसे मिळाल्यावरच असं केलं. दोन दुकानं तुटली, तुटू दे.

गिरगावचा:
लिज्जत १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं.

गटाची सचिव, सोलापूर:
ते सगळे सांगतात भाऊ, आमच्या ज्वारीवाल्याला पण सांगा की जरा. अध्यक्षाताई, परत आलेला माल तुम्ही घेत होता का?

माजी अध्यक्षा:
अजिबात नाही, बिलावरच लिहायचं.