३८४ प्रतिसाद आले, पण ते कोणाचे?

बालाघाट यांचा प्रश्न

नमस्कार. समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीचा लघुशोधप्रबंध विद्यापीठात सादर होण्यापूर्वी अंतर्गत परीक्षणासाठी माझ्याकडे आला आहे. विषय आहे ‘मराठवाड्यातील तरुणांमधील स्मार्टफोनचे व्यसन’. तिने गूगल फॉर्म तयार करून महाविद्यालयांच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि ३८४ प्रतिसाद मिळताच फॉर्म बंद केला. पुढे दक्षिण कोरियात २०१३ मध्ये तयार झालेल्या दहा प्रश्नांच्या मापनश्रेणीच्या आधारे निम्म्याहून अधिक तरुण व्यसनाधीन असल्याचा निष्कर्ष काढला. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, ३८४ हा आकडा सूत्रातून आलेला असल्यामुळे नमुन्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मुलगी अभ्यासू आहे आणि तिने कष्टही पुष्कळ घेतले आहेत. त्यामुळे ‘नमुना सदोष’ एवढा शेरा मारून प्रबंध परत करणे मला पटत नाही. अशा नमुन्याची आणि त्यात शिरलेल्या अभिनतीची, म्हणजे एका बाजूला झुकलेपणाची, पारख कशी करावी, हे जाणकारांनी सांगावे.

संख्याशास्त्र, नांदेड

सर, ३८४ हा आकडा येतो कुठून, हे आधी पाहू. ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के त्रुटी आणि मोजायच्या गोष्टीचे प्रमाण निम्मे, असे धरून सूत्र मांडले की ३८४ येतात. मात्र लोकसंख्येतील प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखीच संधी होती, हे ते सूत्र गृहीत धरते. इथे तशी यादीच नव्हती. फॉर्म किती जणांनी पाहिला हे माहीत नसल्यामुळे प्रतिसादाचे प्रमाणही काढता येत नाही, आणि त्रुटी पाच टक्के आहे असे म्हणण्याचा आधारच उरत नाही.

नमुना मोठा असला म्हणजे तो खरा असतो, हा समज फार जुना आहे. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकतील असे भाकीत केले गेले; निवडून आले ते रूझवेल्ट, तेही प्रचंड बहुमताने. पत्ते प्रामुख्याने दूरध्वनीच्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले होते, आणि ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली ते इतरांपेक्षा वेगळे होते.

आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत याहून बारीक गोष्ट अशी की, ग्रुपवर दुवा पडताच तो उघडणारे कोण, तर ज्यांच्या हातात फोन कायम असतो ते. ३८४ भरताच फॉर्म बंद केल्यामुळे दिवसाकाठी एकदाच फोन पाहणारे मागे राहिले. जी गोष्ट मोजायची आहे, तीच नमुन्यात कोण येणार हे ठरवत आहे. माझ्या मते या प्रबंधातील सर्वांत गंभीर दोष हाच आहे आणि प्रतिसादांची संख्या दुप्पट केली तरी तो जाणार नाही.

धारूरहून

मी बीड जिल्ह्यात सर्वेक्षणाचे काम करते, म्हणून एवढेच विचारते की हा फॉर्म कोणत्या महिन्यात फिरला? दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडची गावेच्या गावे ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्या काळात अठरा-वीस वर्षांची जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. फोन त्यांच्याकडेही असतो, परंतु स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपमध्ये ती नसतात. ‘मराठवाड्यातील तरुण’ म्हणताना त्यांना वगळले असेल, तर तसे लिहिले पाहिजे.

दुसरी बाब मुलींची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या १५ ते ४९ वयाच्या महिला देशात ५४ टक्के होत्या. एका तांड्यावर मी मुलीला प्रश्न विचारला, तर भाऊच म्हणाला, “तिच्याकडं कुठाय मोबाईल, माझाच हाय.” नंतर ती एकटी भेटली तेव्हा कळले की रात्री सगळे झोपल्यावर त्याच फोनवर ती पोलीस भरतीचे व्हिडिओ पाहते. तिचे तास भावाच्या नावावर पडतात आणि ती ‘न वापरणारी’ ठरते. म्हणून फोन कोणाचा, याबरोबरच तो कोण केव्हा वापरते हेही विचारावे लागते, आणि तेही तिला एकटीला.

जनआरोग्य, लातूर

वरील दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत. मी मापनाबद्दल थोडे लिहितो. आपण किती वेळ फोन वापरतो याचा माणसाचा स्वतःचा अंदाज फारसा विश्वासार्ह नसतो. अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः सांगितलेला वापर आणि यंत्रावर नोंदलेला वापर यांतील सहसंबंध (पूर्ण जुळल्यास १, मुळीच न जुळल्यास ०) जेमतेम ०.३८ निघाला, आणि व्यसनाच्या प्रश्नावल्यांचा नोंदींशी संबंध त्याहूनही क्षीण होता. शक्य असेल तेथे फोनमधील स्क्रीन टाइमची नोंद मागावी. फॉर्म वर्गशिक्षकांनी ग्रुपवर टाकला असेल आणि त्यात नाव विचारले असेल, तर मुले शिक्षकांना रुचेल असेच उत्तर देतील.

मापनश्रेणीचे निर्णायक गुण, म्हणजे ज्यांपुढे व्यसन धरले जाते ते, मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ असे आहेत, पण ते कोरियातील शालेय विद्यार्थ्यांवरून ठरलेले आहेत. मराठी अनुवादाची पडताळणी न करता तेच गुण पंचविशीतल्या तरुणांना लावून ‘व्यसन’ म्हणणे धोक्याचे आहे; ‘धोका संभवतो’ इतकेच म्हणता येईल.

नकार देणाऱ्यांमुळे निष्कर्ष कसा उलटू शकतो, हे इंटरफोन अभ्यासात दिसते. मोबाईल आणि मेंदूतील गाठी यांच्या संबंधाचा तेरा देशांतील हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मेनिंजिओमाच्या (मेंदूच्या आवरणातील गाठीच्या) रुग्णांपैकी ७८ टक्के सहभागी झाले, तर तुलनेसाठी निवडलेल्यांपैकी ५३ टक्केच. नकार देणाऱ्यांत मोबाईल नियमित वापरणारे कमी होते. त्यामुळे तुलनेच्या गटात वापरणारे फुगले आणि मोबाईलमुळे मेंदूतील गाठींचा धोका कमी होतो, असे वरवर दिसू लागले. संशोधकांनी स्वतःच या आकड्यामागे अभिनती असण्याची शक्यता नोंदवली. एवढ्या मोठ्या संशोधकांना जे लिहायला संकोच वाटला नाही, ते आपल्या विद्यार्थिनीने लिहिण्यात काहीच कमीपणा नाही.

बालाघाट

सर्वांचे मनापासून आभार. फॉर्म डिसेंबरात फिरला होता. सादर करण्यास अजून अवधी आहे. सगळी माहिती पुन्हा गोळा न करता काही सुधारता येईल का? मुलामुलींच्या प्रमाणानुसार भार देऊन, म्हणजे कमी आलेल्या गटाची उत्तरे हिशेबात अधिक वजनाने धरून, चालेल का?

संख्याशास्त्र, नांदेड

भार देऊन मुलामुलींचे प्रमाण जुळेल. जे नमुन्यात आलेच नाहीत, ते त्याने येणार नाहीत. त्याऐवजी तुमच्याच महाविद्यालयाचा हजेरीपट घ्या, सुरुवातीचा क्रमांक चिठ्ठीने ठरवून तिथून पुढे प्रत्येक दहावा विद्यार्थी निवडा आणि छापील प्रश्नावली नाव न विचारता भरून घ्या. जो गैरहजर असेल त्याच्या जागी शेजारचा घेऊ नका, पुन्हा जा. त्यानंतर याच महाविद्यालयातून गूगल फॉर्मवर आलेली उत्तरे बाजूला काढून दोन्हींची तुलना करा. तफावत मोठी आली, तर फॉर्मने एका महाविद्यालयात किती दिशाभूल केली याचा अंदाज मिळेल, आणि ते प्रकरण प्रबंधातील सर्वांत मोलाचे ठरेल. शीर्षकही ‘महाविद्यालयीन व स्पर्धा परीक्षेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरील तरुणांचा स्मार्टफोन वापर’ असे करावे, आणि निम्म्याहून अधिक हे प्रमाण ३८४ उत्तरदात्यांपुरतेच आहे, असे त्याच वाक्यात लिहावे.