फाइव्ह पॉइंट वन नसेल तर स्पीकर घेऊच नये म्हणे!

शाहूपुरीकर: काल इथं एकानं लिहिलं, "कॉम्प्युटरला फाइव्ह पॉइंट वन जोडणार नसाल तर मोबाइलवरच पिक्चर बघा." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. फाइव्ह पॉइंट वन म्हणजे पुढं तीन, मागं दोन स्पीकर आणि जाड धडधडीचा एक सबवूफर. दहा बाय दहाच्या खोलीत मागचे स्पीकर ठेवायचे कुठं, गाद्यांच्या ढिगावर? त्यात त्या सेटला हिरवी, काळी, केशरी अशा तीन पिना. लॅपटॉपला भोक एकच. नुसती हिरवी खुपसली की मागचे एकतर मुके, नाहीतर पुढच्यांचीच नक्कल करतात, आणि मालक सांगत फिरतो सराउंड लई भारी! त्याच पैशात दोन बरे बुकशेल्फ, म्हणजे टेबलावर मावणारे छोटे स्पीकर घ्या, कानाच्या उंचीला ठेवा, दोघांत जेवढं अंतर तेवढंच तुमच्यापासून. गायक मॉनिटरच्या मधोमध ऐकू येतो.

पेठेतला गेमर: "एकानं" म्हणजे मीच. नाव घ्यायला जीभ अडली काय भावा? गेममध्ये मागनं पावलं वाजली तर तुझा मधोमधचा गायक सांगणार हाय व्हय?

मिसळ कट जास्त: त्याला हेडफोन घाल की मर्दा. गेममध्ये एचआरटीएफ, म्हणजे हेडफोनमध्ये आवाजाची दिशा दाखवणारी सेटिंग, असलं तर चालू कर, मागचं-पुढचं दोन कानांत कळतंय. आणि खोक्यावरच्या हजारो वॅट पीएमपीओला, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या आकड्याला भुलू नका, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद, किती ते विचारा. दुकानदार लगेच चहा मागवतो, तिथंच ओळखायचं.

राजारामपुरीचे काका: स्पीकर कुठलेही घ्या, तो सबवूफर तेवढा नको. आमच्या वरचा पोरगा रात्री अकराला पिक्चर लावतो. संवाद एक ऐकू येत नाही, नुसती धडधड स्लॅबमधून उतरते आणि फडताळातल्या वाट्या किणकिणतात. सांगायला गेलं तर म्हणतो, "काका, आवाज दहावरच हाय."

पेठेतला गेमर: काका, गणपतीत महाद्वार रोडवर डॉल्बीची भिंत लागते तेव्हा वाट्या कुठं ठेवता?

राजारामपुरीचे काका: तेव्हाही विरोधच केलाय! रहिवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. 2000 सालापासून नियम आहे. कोण पाळतंय?

पेठेतला गेमर: मग हलगी-घुमकं पण बंद करा. ते काय 45 मध्ये वाजतंय?

मिसळ कट जास्त: हलगीचं नाव काढायचं न्हाई. हलगीनं अंगात येतं, डॉल्बीनं छातीत कळ येते.

पेठेतला गेमर: मंडळाची वर्गणी देताना पळणारी माणसं इथं शहाणपणा शिकवत्यात.

शाहूपुरीकर: वर्गणीवर जाऊ नका. धागा स्पीकरचा आहे.

राजारामपुरीचे काका: तुम्हीच सांगा मग, माझ्या वाट्यांचं काय?

शाहूपुरीकर: काका, त्याला सब कोपऱ्यातनं बाहेर काढायला लावा. कोपऱ्यात बास फुगतो. खाली जाड फोम घातला तर थोडा फरक पडेल. पण रात्री आवाज कमी करण्याला पर्याय नाही.

पेठेतला गेमर: म्हणजे सब लागतोय, कबूल! तुझा चार इंची वूफर पिक्चरमधल्या स्फोटाला नुसता खोकतोय.

शाहूपुरीकर: पिक्चरला लागतो, घे. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा जाड आवाज सबकडं जातो ती हद्द, 80 हर्ट्झच्या आसपास लाव, तुझ्या डब्याला ते बटण असलं तर. गाण्याला मात्र दोनच.

पेठेतला गेमर: गाण्याला दोन चालतील. तसं बी तू जुनी भावगीतंच ऐकणार.

मिसळ कट जास्त: घ्यायच्या आधी पाठ असलेलं गाणं पेन ड्राइव्हवर घेऊन जावा. दुकानदार स्वतःचं ढिंचॅक लावतो, त्यात सगळेच स्पीकर चांगले वाजतात.

राजारामपुरीचे काका: फोम कुठं मिळतो? मीच आणून देतो त्याला.