कोंबड्यांनी मेथीचा वाफा उकरून टाकला. ठेवू की परत देऊ?

अळूवडी_मखमलाबाद

नमस्कार मंडळी. घरामागे अर्धा गुंठा जागा आहे. मेथी, कोथिंबीर, वांगी, दोन पपया, एक शेवगा. गेल्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी जीव नकोसा केला. रात्री मोबाईलच्या उजेडात गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, जुलैभर हाच उद्योग. कुणीतरी म्हणालं, कोंबड्या पाळ, औषध मारावं लागणार नाही. म्हणून बुधवारच्या बाजारातून चार गावरान तलंगा (अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या) आणल्या.

परवा त्यांना मोकळं सोडलं आणि दळण आणायला गेले. तासाभरात येऊन बघते तर मेथीचा वाफा नांगरल्यासारखा! खाल्ली म्हणावं तर तसंही नाही, नुसती उकरून फेकलेली. आणि मधोमध खड्डा करून एक बया आडवी, पंख पसरलेले, डोळे मिटलेले. मला वाटलं मेली. सासूबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "हाकलणार होते, पण तूच म्हणालीस ना, मदतीला आणल्यात."

शेजारचे वासावरून आत्ताच कुरकुरतायत. काय करू?

खुराडं_आडगाव

ताई, परत देऊ नका. पहिल्या वर्षी माझी कोबीची ऐंशी रोपं अशीच गेली, तेव्हा तुमचं दुःख कळतं. कोंबडीला वाफा आणि उकिरडा सारखाच. माती भुसभुशीत आणि ओली दिसली की पाय चालणारच.

ती आडवी पडलेली मातीत आंघोळ करत होती. अंगावरच्या उवा-पिसवा अशाच निघतात. कोपऱ्यात फुटक्या घमेल्यात कोरडी माती आणि चुलीची राख ठेवा, वाफ्यात लोळणं पुष्कळ कमी होईल.

कोंबडीकडून काम कधी करून घ्यायचं हे आपण ठरवायचं, तिच्यावर सोडायचं नाही. माझ्याकडे पीक निघालं की त्या वाफ्याला चार फुटी जाळी लावतो आणि चार-पाच दिवस सगळ्यांना आत सोडतो. तण, तणाचं बी, वाळवी, हुमणीच्या पांढऱ्या अळ्या, काही शिल्लक राहत नाही. मग त्यांना बाहेर काढायचं, वाफा सारखा करायचा आणि पेरायचं. पालेभाजीत त्यानंतर पाऊल नाही. वांगी, पपई, शेवगा मोठे झाले की खाली फिरू द्या, पण खोडाभोवती फुटकी कौलं मांडा, नाहीतर मुळं उघडी पाडतात. टोमॅटो लाल व्हायच्या आधी आपण तोडायचा. एकीने टोच मारली की बाकीच्या लगेच शिकतात.

जूनमध्ये एक गंमत करून बघा. पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे येतात. खाली जुनी साडी अंथरून फांद्या हलवायच्या, पडतील ते झाकणाच्या बादलीत भरायचे आणि सकाळी कोंबड्यांपुढे ओतायचे. कडक पंख फुटल्याचा कुट्-कुट् आवाज ओट्यापर्यंत येतो. अशी एक भुंगेऱ्याची मादी संपली म्हणजे जमिनीत पुढे जाणारी अंडी गेली.

गोगलगायींचं मात्र खरं सांगतो. मोठी शंखी कोंबडीला फुटत नाही. बारकी पिल्लं आणि मातीतली अंडी तेवढी खातात. मोठ्या तुम्हालाच वेचाव्या लागणार. दुकानात गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, त्या कोंबड्या असताना अजिबात टाकू नका, त्यांनाही विषबाधा होते.

वास येतो तो ओलीमुळे. खुराड्यात वीतभर भाताचं तूस नाहीतर सुताराकडचा भुसा घाला, ओलं झालं की वरून कोरडं टाका. द्राक्षबागेतला पाचोळा फुकट मिळतो म्हणून आणू नका. फवारण्या किती होतात ते आपण नाशिककरांना कुणी सांगायला नको. खुराड्यातून निघालेलं खतही थेट झाडाला नको. नत्र जास्त असतं, मुळं जळतात. पाचोळ्यात मिसळून पाच-सहा महिने कुजवा, मग वापरा.

मानमोडी_झालेला

कोंबड्या बाजारातून आणल्यात ना? मग बाग राहू द्या, आधी लस बघा. मी बाजारातली एक कोंबडी थेट घरच्यांत सोडली होती. आठवड्याभरात अकरापैकी नऊ गेल्या. हिरवी हगवण, माना पिळवटलेल्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा नावाची लस देतात आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही दुसरी. तुमच्या तलंगांना काय दिलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसणार. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. एक कुपी शंभर-शंभर पक्ष्यांची असते, म्हणून आजूबाजूचे कोंबड्यावाले गोळा करून जा. आणि यापुढे नवीन पक्षी आणलात तर तीन आठवडे वेगळा.

मळ्यातला_देवळाली

रात्रीचं पण बघा. ती षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. आमच्याकडे मुंगसाने खालून उकरून दोन नेल्या. आता वेल्डेड जाळी वीतभर जमिनीत गाडलीय. दिवेलागणीच्या आत दार बंद. आमच्या बाजूला बिबट्याही फिरतो, त्यामुळे आमची माणसंसुद्धा दिवेलागणीच्या आत घरात.

अळूवडी_मखमलाबाद

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. लस झाली, शेजारच्या गल्लीतल्या दोघांनाही बरोबर नेलं. वांग्याच्या खोडांना जुन्या घराची कौलं लावली. घमेल्यातल्या राखेत आळीपाळीने आंघोळी चालतात, आणि घमेलं एकच असल्यामुळे भांडणंही. मेथीच्या उजाड वाफ्यात त्यांना पाच दिवस ठेवलं, मग काल पुन्हा मेथी पेरली. वर जाळी घातलीय, तरी ती आडवी पडणारी सकाळपासून जाळीवरच चालतेय.

सासूबाईंनी तिचं नाव ट्रॅक्टर ठेवलंय. खुराडंवाले दादा, या तलंगा साधारण पाच महिन्यांच्या आहेत म्हणे. अंडी कधी सुरू होतील? सासूबाई रोज सकाळी जाऊन तूस चाचपून येतात.

खुराडं_आडगाव

गावरान आहेत, सहावा-सातवा महिना लागू शकतो. तुरा लाल व्हायला लागला की जवळ आलं समजा. शिंपल्यांचा चुरा एका वाटीत वेगळा ठेवा. आणि सासूबाईंना सांगा, तुसात एक लिंबू ठेवून बघा. ते अंडं समजून तिथेच बसायला शिकतात, नाहीतर पहिलं अंडं शेवग्याखाली सापडेल.