पहिली वेल्डिंग मशीन कोणती घेतली, कसे शिकले, काय भाजलं? खान्देशवाल्यांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता, अमळनेर

राम राम मंडळी. मी शाळामास्तर, वेल्डिंगमधलं शून्य कळतं. शेतातल्या विहिरीवरची जाळी एका कोपऱ्यातून तुटली, गावातला फॅब्रिकेशनवाला आज येतो उद्या येतो करत तिसरा आठवडा लागला, लग्नसराईत सगळ्यांना गेट पाहिजे म्हणे, माझ्या एका टाक्यासाठी तो कशाला चार किलोमीटर येईल. मग डोक्यात किडा वळवळला की आपणच मशीन घेऊ. व्हिडिओ चिक्कार पाहिले, पण त्यातल्या कोणाच्याच घरची लाईट जात नाही, म्हणून इथे विचारतो. पहिली मशीन कोणती घेतली, कोणाकडून शिकले, आणि खरं सांगा, काय काय भाजून घेतलं? दुकानदाराची भाषा नको, स्वतःवर बेतलेलं लिहा. बजेट दहा हजार, घरी सात सांगितलंय.

केळीवाला, यावल

मास्तर, मशीनच्या आधी लाईट बघा. मी २०० अँपिअरची इन्व्हर्टर मशीन (बॅटरीवाला घरचा इन्व्हर्टर नव्हे, आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेली वेल्डिंग मशीन) घेतली, साडेसहा हजार पडले, वजनाला हलकी, पिशवीत टाकून मोटरसायकलवर नेता येते. घरी ओट्यावर लावली तर मस्त चालली. मळ्यात नेली आणि रॉड, म्हणजे वितळून जोड भरणारी सळई, नुसता चिकटायला लागला, ओढला की होल्डरमधूनच निघून यायचा. दुकानदाराला फोनवर नको नको ते बोललो. मग मोटर भरणारा आला, त्याने मीटर लावलं तर स्टार्टरपाशी २०५ व्होल्ट आणि माझ्या मशीनपाशी रॉड टेकवला की १७०. मधे मी दोनशे फूट दीड एमएमची वायर टाकलेली, तीही अर्धी गुंडाळीतच, त्या गुंडाळीला हात लावला तर चटकाच बसला, अजून थोडा वेळ गेला असता तर पेटलीच असती. आता चार एमएमची कॉपर आहे आणि वापरताना पूर्ण सोडून ठेवतो. मशीन १०० अँपिअरवर ठेवली तरी लाईनीतून १५ ते २० अँपिअर ओढते, टीव्हीच्या बोर्डावर लावायची वस्तू नाही ती. १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला स्वतंत्र एमसीबी पाहिजेच.

आणि शेतीची लाईट रात्रपाळीला असली तर रात्री वेल्डिंगला बसू नका भो. पाणी भरणं वेगळं, हे वेगळं.

गॅरेजवाला, चाळीसगाव

आमच्याकडे अजून जुनी तेलाची मशीन आहे, दोन फेजवर चालते, उचलायला चार माणसं लागतात. व्होल्टेज पडो, धूळ बसो, उंदीर फिरो, तिला फरक पडत नाही. पण घरच्या कामाला घेऊ नका, मास्तर ठेवतील कुठे. इन्व्हर्टरच घ्या, फक्त तिच्यात ग्राइंडिंगची धूळ जाऊ देऊ नका. लोखंडाचा भुसा आत गेला की कार्ड उडतं आणि दुरुस्तीचं बिल मशीनच्या अर्धं येतं. दोन वेळा दिलंय.

शिरपूरचा पोऱ्या

डोळ्यांचं मी लिहितो कारण मी तो येडेपणा केलाय. टाका मारताना काळी काच कशाला, डोळे मिटायचे आणि मारायचा, असं मला एकाने शिकवलेलं. पाच मिनिटं हा खेळ चालला. डोळे मिटले तरी टाका कधी संपला ते बघायला उघडतातच ना. संध्याकाळी काहीच नाही, जेवलो, झोपलो. रात्री दीडला उठलो तर डोळ्यात मूठभर रेती कोणीतरी घालून चोळतंय असं, पाणी नुसतं वाहतंय, मोबाईलचा उजेड पण सहन होईना. आई उठली, काय व्हयनं रे? म्हटलं मन्हा डोया गयात माय. तिने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, आजीचं सुरू की शेजारच्या बाळंतिणीचं दूध घाला डोळ्यात. बरं झालं घातलं नाही. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की उन्हाने कातडी पोळते तसा बुबुळाचा वरचा थर पोळलाय, दोन दिवसात भरतो, चोळू नको. तपासायला एक थेंब टाकला, एका मिनिटात सगळं दुखणं गायब, मी म्हटलं ही बाटलीच द्या. नाही म्हणाले. तो बधिर करायचा थेंब, घरी घालत बसलं तर जखम भरत नाही.

आणि लहान भाऊ दहा फुटांवर बसून नुसता बघत होता, त्याला पण लागलं. त्यामुळे आता सुरू करायच्या आधी ओरडून पोरं, कुत्री, म्हातारे सगळे पांगवतो.

रिटायर्ड वेल्डर, भुसावळ

रेल्वेच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबेल.

मास्तर, दहा हजार आहेत ना, मशीनवर सहा-सात घाला आणि बाकीचे अंगावर घाला. चामड्याचे कोपरापर्यंतचे हातमोजे, चामड्याचे बूट, सुती फुल शर्ट, जीन्स, आणि पँट बुटाच्या वर सोडायची, आत खोचायची नाही, नाहीतर ठिणगी बुटात जाते आणि तुम्ही नाचता. खिशात लायटर ठेवायचा नाही. मास्कची काळी काच ११ नंबरची, आणि तिच्यापुढे साधी काच बदलत राहायची. ऑटो मास्क घ्या, रॉड पेटला की स्वतःच काळा होणारा, नवशिक्याला बराच सोपा पडतो, पण भर उन्हात कधी तो आपोआप काळा होतो आणि सेन्सरवर हात आडवा आला तर होतच नाही, म्हणून आधी सावलीत सवय करा.

मशीनवर ड्युटी सायकल लिहिलेली असते. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं जाळा, चार मिनिटं थंड होऊ द्या. हे ४० डिग्रीला मोजलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतं आणि तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बसणार, म्हणजे आकडा आपला आपणच कमी धरायचा. मिगच्या, म्हणजे गॅस सोडत तारेने करायच्या वेल्डिंगच्या, नादी आत्ता लागू नका. उघड्यावर वारा गॅस उडवून नेतो आणि मग नुसती जाळी पडते.

रॉड ६०१३ नंबरचा, पाकिटावर आयएस ८१४ हा मानकाचा नंबर बघून घ्या. अडीच एमएम ६० ते ९० अँपिअर, सव्वातीनवाला ९० ते १३०. पावसाळ्यात पाकीट फोडून ठेवाल तर कोटिंग ओल धरतं.

आता शिकणं. पहिल्या दिवशी मशीन बंद. होल्डरमध्ये रॉड लावून, मास्क घालून, बंद मशीनवरच हात सरकवायचा. रॉड जळत जळत आखूड होतो, म्हणजे हात पुढेही जातो आणि खालीही जातो, ते अंगात बसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी भंगारातली सहा एमएमची पट्टी, घासून स्वच्छ केलेली, अर्थिंगचा चिमटा तिलाच. माचिसची काडी ओढतो तसा रॉड ओढायचा, पेटला की रॉडच्या जाडीइतकंच अंतर ठेवायचं. उजेडाकडे बघायचं नाही, त्याच्या मागे जो लाल पातळ रस चालतो तो बघायचा. कान उघडे ठेवा, कढईत भजी तळताना येतो तसा सलग आवाज आला की बरोबर. फडफड, पटपट आवाज म्हणजे रॉड लांब गेलाय. पूर्ण पाकीट संपेपर्यंत काही म्हणजे काही बनवायचं नाही. माझे उस्ताद रोजचं काम संध्याकाळी व्हाईसमध्ये धरून घणाने फोडायचे आणि तुटलेला तुकडा हातात द्यायचे, बघ म्हणायचे.

करंटचं सांगतो. आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) लावा, पण तिच्या भरवशावर राहू नका, ती लाईनीकडच्या बाजूला वाचवते. होल्डरकडची बाजू मशीनच्या आत वेगळी केलेली असते, तिकडचा झटका तिला कळत नाही. होल्डरवर ६०-७० व्होल्ट असतात, कोरड्या हाताला झिणझिण्या, घामाने निथळत असाल तर जीवावर. पायाखाली कोरडी फळी, मोजे घामाने ओले झाले की बदला. होल्डर काखेत धरून रॉड बदलणारे मी पाहिलेत, ते बघून शिकू नका. ट्रॅक्टरवर काम असेल तर बॅटरीची वायर काढा आणि चिमटा कामाच्या शेजारीच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून रस्ता काढतो.

डिझेलचा, फवारणीचा, कसलाही बंद बॅरल, तो दहा वर्षं रिकामा असला तरी हात लावू नका. त्याच्यावर मी चर्चा करत नाही.

धुळेकरीण

मी घरीच झाडांचे स्टँड, चपलांचे रॅक करते, आता ऑर्डरी पण येतात. मशीन घ्यायला गेले तर काउंटरवरचा म्हणे ताई, भाऊंना पाठवा, त्यांना समजावून सांगतो. भाऊंना घरातला फ्यूज बदलता येत नाही.

बायकांसाठी एकच मोठी गोष्ट, ओढणी. आणि आपले ड्रेस, नव्वद टक्के सिंथेटिक. सुती कापडाला ठिणगीने भोक पडतं, सिंथेटिक वितळतं आणि कातडीला चिकटतं. मला मनगटावर रुपयाएवढा डाग आहे तो त्याचाच. आता यांचा जुना जीन्सचा शर्ट, केस बांधून सुती रुमालात, बांगड्या-अंगठी काढून, मंगळसूत्र पण काढून ठेवते, सासूबाई पहिले आठ दिवस बोलल्या, मग गॅलरीचं ग्रिल फुकटात झाल्यावर बोलायच्या थांबल्या.

चौकोनी पाईपचं कोणी सांगत नाही. बाजारात मिळतो तो १८ गेजचा, सव्वा एमएम सुद्धा नाही भरत, नवशिक्याने सव्वातीनचा रॉड लावला की भोकच. मी पहिल्या रॅकला इतकी भोकं पाडली की पोरगी म्हणे चाळणी केली का. अडीचचा किंवा दोनचा रॉड, ५०-६० अँपिअर, आणि सलग ओढायचंच नाही, टिपके टिपके, मधे थंड होऊ द्यायचं. चौकट करताना आधी चारही कोपऱ्यांना टाके, मग दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले तरच पक्कं वेल्डिंग. थंड होताना लोखंड वेल्डिंगच्या बाजूला ओढून घेतं.

शेडनेटवाला, पारोळा

जीआय पाईप! शेडनेटचा सांगाडा स्वतः जोडत होतो, दिवसभर पांढरा धूर नाकात, वास गोडसर. रात्री हुडहुडी भरली, दोन गोधड्या, तोंडात लोखंडाची चव, मी म्हटलं मलेरिया. सकाळी उठलो तर खडखडीत बरा. परत काम केलं, परत रात्री ताप. डॉक्टरांनी विचारलं दिवसभर काय करतो, मग उलगडलं, जीआय पाईपवर जस्ताचा मुलामा असतो, त्याचा धूर. गूळ खा, दूध प्या सगळे सांगतात, मी पण लिटर लिटर प्यालो, ते पोटात जातं आणि धूर फुप्फुसात, त्याचा याच्याशी काय संबंध. आता सांध्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त दोन-दोन इंच घासून काढतो, तेही मास्क लावून, आणि वाऱ्याकडे पाठ न करता आडवा बसतो म्हणजे धूर तोंडावरून जात नाही.

कापूसवाला, जामनेर

भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवलेला, तुम्हाला माहितीच आहे, सगळ्यांच्याच घरात असतो. मी अंगणात वखराची पास जोडत होतो, कापसाच्या खोलीचं दार बंद, फक्त दाराखाली दोन बोटांची फट. काम झालं, मशीन आवरली, चहा प्यालो, शेतात जाऊन आलो. रात्री नऊला बायको म्हणे करपल्याचा वास येतोय. कापूस भडकत नाही लगेच, आत आत धुमसत जातो, वरून पांढराशुभ्र आणि हात घातला तर आत गरम. शेजारच्या पोरांनी मिळून तो ढीग उपसून अंगणात पसरला, मधोमध परातीएवढा काळा खड्डा निघाला. दीडेक क्विंटल गेला, घर राहिलं. ठिणगी किती लांब घरंगळत जाते ते रात्री अंधारात एकदा बघा म्हणजे कळेल. आता कडबा, पऱ्हाट्या, कापूस असेल तिथून मीच मशीन उचलून लांब नेतो, पाण्याची बादली भरून ठेवतो आणि काम झाल्यावर तासभर तिथून हलत नाही.

दोंडाईचाकर

सगळे वेल्डिंगला घाबरतात, ग्राइंडरला कोणी घाबरत नाही. गार्ड काढून, पाच इंची चाक चार इंचीच्या मशीनला चढवलेलं, तुकडा उडून मांडीत. सात टाके. बाकी तुमचं चालू द्या.

एरंडोलहून

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं सांगतो. दोघी बहिणी माहेरी येणार, भाच्या येणार, अंगणातला निंब मागच्या वादळात पडलेला, म्हणून मी म्हटलं झोका टांगायला लोखंडी घोडाच, म्हणजे सांगाडा, बनवतो. मशीन घेऊन तेव्हा महिना झालेला. दोन दिवस घासलं, वेल्डिंग असं आलं की फोटो काढून सगळ्यांना पाठवले, एकसारखी खवल्यांची रांग. आबा आले, काठीने ठोकून पाहिलं, म्हणाले, पोरीस्ना आधी ढेप बसाड.

म्हणून सरकीच्या ढेपेची दोन पोती बांधली झोक्याला आणि ढकललं. पहिल्या झोक्याला काही नाही. दुसऱ्याला कर्र झालं. तिसऱ्याला वरचं कडं तुटून पोती अंगणात. तुटलेली जागा बघितली तर पाईपवर रंग तसाच होता, हिरवा. माझं सुंदर वेल्डिंग वरून नुसतं चिकटवलेलं, आत धरलंच नव्हतं, पाईपला उष्णताच पोचली नव्हती. अँपिअर कमी, रंग न घासलेला. त्या जागी माझी नऊ वर्षांची भाची असती.

त्या वर्षी झोका दुकानातून करून आणला. जिथे माणूस बसतो, चढतो किंवा खाली उभा राहतो असं काही मी अजून स्वतः करत नाही, चार वर्षं झाली.

धागाकर्ता, अमळनेर

एवढं वाचून बायकोला खरा आकडा सांगून टाकला. गेल्या रविवारी २०० वाली इन्व्हर्टर, ऑटो मास्क, मोजे, अडीच एमएमचं पाकीट आणलं. भुसावळच्या काकांनी सांगितलं तसं पहिल्या दिवशी मशीन बंद ठेवून हात फिरवला, शेजारचे दोघं येऊन हसून गेले. आज पाकिटातले शेवटचे चार रॉड होते म्हणून एक रांजणाची तिवई जोडली, फोटो टाकलाय. विहिरीची जाळी करत नाही, एरंडोलवाल्यांचं वाचल्यावर तर नाहीच, त्यावर पाय देऊन आम्ही पाणी बघतो. तिवई थोडी डुगडुगते, खाली पुठ्ठा लावला तर चालेल ना?

रिटायर्ड वेल्डर, भुसावळ

पुठ्ठा काढा. उजवीकडच्या पायाचा टाका फोडा, रंग घासा, ८० वर ठेवून परत मारा. रांजण भरला की ५० किलो होतो मास्तर.