निवासी डॉक्टरांची कामगिरी: पोस्टरची बक्षिसं मोजायची की वॉर्डातलं काम?

फोंड्याचा फिजिशियन

दर वर्षी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत निवासी डॉक्टरांच्या (म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता रुग्णालयात काम करणाऱ्यांच्या) आणि डीएम, एमसीएच, फेलोशिप असं त्यापुढचं शिक्षण घेणाऱ्यांच्या यशाची यादी वाचली जाते. अमुक परिषदेत पोस्टरला पहिलं बक्षीस, तमुक क्विझमध्ये दुसरा क्रमांक, एवढे शोधनिबंध. टाळ्या वाजतात. त्या मुलांनी मेहनत केलेली असते, म्हणून वाजायलाच हव्यात. माझा आक्षेप आहे तो त्या यादीत काय येत नाही याबद्दल.

एमडी-एमएसच्या तीन वर्षांत मुलांचा बहुतेक वेळ कुठे जातो? कॅज्युअल्टीत, वॉर्डात, थिएटरात. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, रात्री दोन वाजता काणकोणहून, सत्तरीहून, कारवारहून किंवा सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीहून रुग्ण येतो, तेव्हा त्याला पहिला हात लावतो तो निवासी डॉक्टर. 1842 मध्ये पणजीत सुरू झालेली एस्कोला मेडिका 1963 मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झाली, पुढे बांबोळीला गेली. नाव आणि इमारती बदलल्या, पण शिकता शिकता रुग्ण सांभाळणाऱ्यांशिवाय असं रुग्णालय एक रात्रही चालत नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे पीजीला, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्याला, थीसिस लागतो, संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स लागतो, परिषदेत पोस्टर किंवा पेपर मांडावा लागतो किंवा निबंध छापून आणावा लागतो. शिवाय तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढावे लागतात. पोस्टरचं प्रमाणपत्र विभागाच्या भिंतीवर लागतं. म्हापशाला किंवा मडगावला त्या तीन महिन्यांत या मुलाने काय केलं, हे मात्र कोणी विचारत नाही. मुलं हुशार असतात, कशाची नोंद होते हे त्यांना पहिल्या सहा महिन्यांत कळतं. मग थीसिसचा विषय रुग्णाला काय हवं यावरून ठरत नाही, वेळेत काय संपेल यावरून ठरतो. बांधणी होऊन प्रत लायब्ररीत गेली की विषय संपला.

ज्याचं मोजमाप होत नाही असं आपण म्हणतो, त्यातलं बरंच मोजता येतं. ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या डॉक्टरला देणं, म्हणजे हँडओव्हर, हे काम मुख्यतः निवासी डॉक्टरांचंच. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत हँडओव्हरची एक ठरावीक पद्धत शिकवली गेली. 2014 मध्ये निष्कर्ष छापून आले: चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारख्या इजा 30 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. महागडं औषध नाही, नवं यंत्र नाही. आपल्याकडे एखाद्या युनिटच्या मुलांनी हँडओव्हर सुधारला तर ती बातमी होईल का? मला वाटतं व्हायला हवी, आणि पोस्टरच्या बक्षिसाच्या वर छापायला हवी.

आल्तिनो_23

पूर्ण असहमत.

पोस्टर आणि पेपरला नावं ठेवणं आता फार सोपं झालं आहे. वॉर्डातलं काम ही नोकरीच आहे, त्याचा स्टायपेंड मिळतो. प्रश्न विचारणं, त्याचं उत्तर पुराव्याने शोधणं आणि ते अनोळखी लोकांसमोर मांडून त्यांची टीका ऐकणं, ही सवय शिक्षणकाळात लागली नाही तर पुढे खाजगी प्रॅक्टिसमध्ये कधीच लागत नाही.

उदाहरण देतो. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या रुग्णालयात बॅरी मार्शल नावाचा डॉक्टर रजिस्ट्रार होता, म्हणजे आपल्या भाषेत शिकाऊच. प्रशिक्षणात एक संशोधन प्रकल्प करायचा होता, म्हणून तो पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांच्याकडे गेला. वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत वाकडे जिवाणू दिसत होते. पुढच्या वर्षी ईस्टरच्या लांब सुट्टीत जिवाणू वाढवायच्या, म्हणजे कल्चरच्या, बशा नेहमीच्या दोन दिवसांपेक्षा जास्त काळ इन्क्युबेटरमध्ये राहिल्या आणि जिवाणू वाढला. पोटातल्या अल्सरवर आज अँटिबायोटिक देतात ते या कामामुळे. 2005 चं नोबेल दोघांना मिळालं. 'वेळेत संपणारा प्रकल्प' म्हणून ज्याची बोळवण होते, त्यातूनच हे निघालं.

आणि गोव्यात विषयांची कमी आहे का? माकडताप घ्या. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू 2015 मध्ये सत्तरीत पाळीला पोचला, पुढच्या वर्षी दोडामार्गात. गोचिडीमार्फत पसरतो, काजूच्या हंगामात बागायतीत राबणाऱ्यांना होतो. अशा तापाचे रुग्ण शेवटी कोणाच्या वॉर्डात येतात? ज्या पीजीने त्यांच्या नोंदी नीट ठेवून पेपर लिहिला, त्याने पुढच्या हंगामातल्या रुग्णाचंही भलं केलं. रात्रभर जागून एक रुग्ण वाचवला हे थोरच, पण त्याची नोंद नसेल तर पुढच्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दोडामार्गकर

मी डॉक्टर नाही. आमच्या भागातून मोठं दुखणं असलं की गोमेकॉच गाठावं लागतं. 2018 पासून परराज्यातल्यांना शुल्क लागू झालं तरी माणसं तिथेच जातात, कारण जवळ दुसरं काही नाही.

माझ्या वडिलांना दाखल केलं तेव्हा वॉर्डातली डॉक्टर उत्तरेकडची होती. आमची भाषा तिला येत नव्हती. 'खंय दुखता?', 'श्वास घेवंक त्रास जाता?' असे प्रश्न तिने वहीत देवनागरीत लिहून ठेवले होते. वडील मालवणीत उत्तर द्यायचे, मग ती शेजारच्या खाटेवरच्या काणकोणच्या बाबांना मधे घ्यायची. पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे अशी मुलं पुष्कळ असणार. ही भाषा शिकण्याची मेहनत कुठल्या यादीत येते?

पण फिजिशियन साहेबांना एक सांगतो. नातेवाइकांना विचारून बक्षीस देऊ नका. आम्ही गोड बोलणाऱ्याला चांगला डॉक्टर म्हणतो. डोस बरोबर होता की नाही हे आम्हाला कळत नाही. जो धावपळीत नीट बोलला नाही, पण ज्याच्यामुळे माणूस वाचला, तो आमच्या तोंडून कायम मागेच पडेल.

निवृत्त_स्टाफ_नर्स

दोडामार्गकर बरोबर बोलले. पुढचं मी सांगते, कारण आयुष्य वॉर्डात गेलं आहे.

या चर्चेत दोन्ही बाजूंनी एकट्या डॉक्टरचं यश मोजताय. मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये गळ्यातली किंवा छातीतली लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, घालताना पाच गोष्टी पाळायच्या असं ठरवलं होतं: हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, रुग्णाला पूर्ण झाकून निर्जंतुक पद्धतीने काम करणं, मांडीतली शीर टाळणं आणि गरज संपली की लाइन काढून टाकणं. 2006 मध्ये छापलेल्या त्या कामात रक्तातल्या जंतुसंसर्गात 66 टक्क्यांपर्यंत घट झाल्याचं दिसलं. यादी सगळे सांगतात. त्यातला मुख्य भाग कोणी सांगत नाही. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार नर्सला दिला होता.

नव्या जेआरला, म्हणजे ज्युनिअर निवासी डॉक्टरला, मी 'डॉक्टर, ग्लोव्हज बदला' म्हटलं आणि त्याने मुकाट्याने बदलले, तर तो मुलगा पुढे चांगला डॉक्टर होणार हे मला तेव्हाच कळायचं. चिडणारेही पाहिले. चिडणाऱ्यांतल्या काहींचे पेपर मोठमोठ्या जर्नलमध्ये आले. त्यांचं अभिनंदन मीही केलं, पण माझ्या माणसाला त्यांच्याकडे पाठवलं नसतं.

थर्ड_इयर_पीजी

मी गोव्याची, पण परराज्यातल्या एका सरकारी रुग्णालयात सर्जरी करते आहे. नाव सांगत नाही. आज ड्युटीवरून उतरले आहे, तरी लिहितेच, कारण वरचं सगळं वाचून राहवलं नाही.

फिजिशियन सर, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. पण रात्रीच्या कामाला 'कामगिरी' म्हणून गौरवायला लागलात की सलग छत्तीस तास उभं राहणं हाच गौरव होऊन बसतो. आमच्या युनिटमध्ये न झोपता राउंड घेणाऱ्या सीनियरच्या गोष्टी अभिमानाने सांगतात आणि जी मुलगी 'मला दोन तास झोपू द्या' म्हणते तिला कमकुवत ठरवतात. 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला 48 तासांची गोष्ट होती. 2023 च्या नियमांत 'वाजवी तास' एवढंच लिहिलं. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्याच टास्क फोर्सने आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम नको आणि एक दिवस सुट्टी हवी अशी शिफारस केली. शिफारस कागदावर आहे, आमचं ड्युटीचं वेळापत्रक वेगळं आहे.

आणि हे फक्त आमच्या थकव्याचं रडगाणं नाही. 2004 मध्ये बॉस्टनच्या आयसीयूत इंटर्नचे लांब तास कमी करून तुलना केली होती. जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका जवळपास 36 टक्क्यांनी जास्त होत्या. रुग्णासाठी काही करायचं असेल तर आम्हाला ढाल-प्रशस्तिपत्र नको. चौथा माणूस ड्युटीला द्या.

आल्तिनो_23 यांना: पेपर लिहायला मला खरोखर आवडतं. ज्या आठवड्यात झोप मिळाली, त्याच आठवड्यात लिहू शकले.

फोंड्याचा फिजिशियन

@थर्ड_इयर_पीजी, तुमचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत जड मुद्दा आहे. जागरणाचा गौरव मला मुळीच नको. म्हणूनच मी हँडओव्हरचं उदाहरण दिलं. माणूस घरी गेल्यावरही त्याच्या रुग्णाची काळजी नीट घेतली जाते का, हे त्यात मोजलं जातं. जो विभाग आपल्या मुलांना वेळेवर घरी सोडतो आणि तरीही हँडओव्हरमध्ये काही गळत नाही, त्या विभागाचं नाव यादीत पहिलं यावं. म्हणजे युनिटप्रमुखालाही वेळापत्रक सुधारण्याचं कारण मिळेल. माणसं वाढवा ही मागणी तर सरकारकडे स्वतंत्रपणे करावीच लागेल, ती कोणत्याही गौरवाने भागत नाही.

@आल्तिनो_23, मार्शल यांचं उदाहरण मलाही प्रिय आहे, पण ते पूर्ण सांगा. 1983 मध्ये त्यांनी हेच काम ऑस्ट्रेलियातल्या गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या परिषदेला पाठवलं आणि ते नाकारलं गेलं. त्या वर्षीची यादी परिषदेवरून केली असती, तर त्यात मार्शल नसते. संशोधनाला माझा विरोध नाही. परिषदेच्या परीक्षकांनी दिलेला क्रमांक म्हणजेच संशोधनाची किंमत, याला आहे. माकडतापाच्या नोंदी ठेवणाऱ्या पीजीचं नाव यायलाच हवं, त्याचा पेपर छापून आला नसेल तरीही.

आल्तिनो_23

नाकारलं गेलं म्हणून त्यांनी मांडणं सोडलं नाही. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये पत्रं छापून आली आणि जग वादात उतरलं. छापलं नसतं तर वॉरन यांच्या सूक्ष्मदर्शकाखालचे जिवाणू पर्थच्या बाहेर कोणाला कळले असते?

तुमची हँडओव्हरची आकडेवारी तरी तुम्हाला कशी मिळाली? कोणीतरी ते काम पेपर म्हणून लिहिलं म्हणूनच ना? वॉर्डात काही सुधारलं असेल तर ते लिहून काढण्याची सक्ती हवी, असंच मी म्हणेन. नोंद करा, आधीचे आणि नंतरचे आकडे ठेवा, पोस्टर करा. मग ते यादीत आपोआप येईल, नवी यादी करायची गरज नाही.

काणकोणचो

मला या वादात एकच गोष्ट नीट मोजण्यासारखी दिसते. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी 'स्टेमी' प्रकल्प चालतो. छोट्या रुग्णालयात काढलेला ईसीजी बांबोळीच्या तज्ज्ञांपर्यंत पोचतो आणि रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देता येतं. काणकोणहून बांबोळी किती लांब आहे हे इथल्यांना सांगायला नको. झटक्यात प्रत्येक मिनिट महत्त्वाचं असतं. दारात आल्यापासून इंजेक्शनपर्यंतची मिनिटं लिहिलेली असतात. ती कमी करण्यात ज्या ज्या निवासी डॉक्टरचा, नर्सचा, 108 च्या माणसांचा हात होता, त्यांची नावं वर्षातून एकदा वाचा. नातेवाइकांची मतं नकोत, परीक्षक नकोत.

निवृत्त_स्टाफ_नर्स

@काणकोणचो, हे पटलं. फक्त ती मिनिटं लिहिणारा आणि ज्याचं कौतुक व्हायचं तो एकच नको. आजही गर्दीत वेळ नंतर अंदाजाने भरली जाते, हे वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कौतुक जोडलं की तो अंदाज आपोआप दहा मिनिटांनी खाली येईल. वेळ नर्सने किंवा यंत्राने नोंदवावी, डॉक्टरने नाही.

थर्ड_इयर_पीजी

सिस्टर, मान्य. आणि त्याच कागदावर त्या वेळी डॉक्टर किती तासांपासून ड्युटीवर होता, तेही लिहा. दोन आकडे शेजारी शेजारी आले की वेळापत्रकावर बोलायला आम्हाला परिषदेची वाट बघावी लागणार नाही. आल्तिनो_23, त्याचा पेपर मी लिहायला तयार आहे, गाइड मिळाला तर.

आल्तिनो_23

व्यक्तिगत संदेश पाठवला आहे. आधी एथिक्स कमिटीचा अर्ज तयार करू. रुग्णांच्या नोंदींबरोबर डॉक्टरांच्या ड्युटीची माहितीही लागणार, म्हणजे डॉक्टरांचीही लेखी संमती घ्यावी लागेल आणि विभागप्रमुखाची सही. ती सही मिळेल का, यावरच सगळं अडेल.