एक्सेल २००३ ची मॅक्रोवाली पट्टी नव्या ऑफिसात चालत नाही

कळमना_अडत
भाऊ लोक, नागपूरच्या कळमन्यात संत्र्याची अडत आहे आपली, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी) एक्सेल २००३ च्या मॅक्रोवर, म्हणजे आपोआप हिशोब करणाऱ्या कोडवर निघते, वजन-भाव टाकला, बटन दाबलं की हमाली तोलाई कापून प्रिंट. जुना पीसी बसला, सीताबर्डीहून नवीन आणला, ऑफिस २०२१ आहे. फाईल मस्त उघडते पण बटन दाबलं की ६४ बिटसाठी कोड अपडेट करा म्हणते अन् कोडच्या वरच्या ओळी लाल दिसून राहिल्या. लिहून देणारा पोरगा पुण्याला गेला, फोन उचलत नाही. हंगाम तोंडावर आहे, काय करू?

व्हीबीए_दादा
घाबरू नको. एक्सेलच्या आतलं जुनं काम बहुतेक जसंच्या तसं चालते, अडते ते विंडोजकडून उसनं घेतलेलं. लाल ओळींत डिक्लेअर असेल, त्या शब्दानंतर लगेच पीटीआरसेफ लिही. जिथे हँडल (विंडोजने दिलेली खूण) किंवा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आहे तिथेच लाँग या आकड्याच्या प्रकाराचं लाँगपीटीआर कर, सरसकट नको. हे ऑफिस २०१० पासून आलं.

धरमपेठचा_बाब्या
काहून एवढी उठाठेव? ऑफिस काढ अन् ३२ बिटवालं, म्हणजे जुन्या धाटणीचं टाक, त्याच लायसन्सवर चालते. २०१९ पासून न विचारता ६४ बिटच बसते म्हणून हे होते.

कळमना_अडत
पीटीआरसेफ लावलं, लाल गेलं. एक्सएलएसएम (मॅक्रोवाल्या फाईलचा नवा फॉरमॅट) म्हणून सेव्ह केली तर आता हमाली शून्य येऊन राहिली, एररही नाही!!

व्हीबीए_दादा
हमालीच्या दराच्या सेलला नाव काय दिलंय?

कळमना_अडत
एचएमएल१. तोलाईला टीओएल१.

व्हीबीए_दादा
सापडलं. २००३ मध्ये कॉलम २५६ च, आयव्हीपर्यंत, त्यामुळे एचएमएल१ हे नाव चालायचं. २००७ पासून कॉलम १६,३८४ झाले, एक्सएफडीपर्यंत, म्हणजे एचएमएल१ हा आता खराखुरा सेल आहे, तिकडे दूर उजवीकडे, रिकामा. नव्या फॉरमॅटात जाताना एक्सेलने तुझ्या नावाच्या आधी अंडरस्कोर (_) लावला, पण मॅक्रोतला कोड तो बदलत नाही, म्हणून मॅक्रो रिकामा सेल वाचून शून्य कापते. कंट्रोल एफ मारून कोडमध्येही अंडरस्कोर लाव, हमाली-तोलाई दोन्हीकडे. एरर देणारी मॅक्रो परवडली, ही अशी गुपचूप चुकणारी नाही, तेव्हा एक जुनी पट्टी घे अन् तेच आकडे टाकून जुळव.

कळमना_अडत
जुळली भाऊ, पैशापर्यंत! कोडात ६५५३६ पण दिसते, तेही बदलू का?

व्हीबीए_दादा
ती जुन्या शीटची शेवटची ओळ. तुझ्या रजिस्टरात एवढ्या ओळी व्हायला लई हंगाम जातील, राहू दे.