मदत हवी आहे: बाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय (नागपूर)

मंडळी, बाबांचा लॅपटॉप सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, रॅम ४ जीबी, जुनी हार्ड डिस्क. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. सीताबर्डीत एका दुकानात विचारलं, तर "नवीनच घ्या भाऊ." चालतं यंत्र भंगारात काढायला मन होत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचा विचार आहे.

लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालवून पाहिली. वायफाय, आवाज, टचपॅड सगळं सुरू. पंखा मात्र कूलरसारखा घुमतो, पण तो विंडोजवरही घुमायचाच.

खरी अडचण मराठीची. बाबांची बरीचशी पत्रं, अर्ज युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. तो फॉन्ट लिनक्समध्ये टाकला तर लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये) मजकूर नीट दिसेल का? की आधीच सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्यावं? त्यांचा हात जुन्या टाइपरायटरच्या कळपाटावर बसलाय, इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी ते शिकणार नाहीत. आयबसमध्ये (लिनक्सवर इतर भाषांत टाइप करायच्या सोयीत) टाइपरायटरसारखी मांडणी कोणी वापरतं का?

शिवाय, विंडोज शेजारी ठेवावं की पूर्ण पुसावं? माझा कल पुसण्याकडे आहे. दोन सिस्टिम दिसल्या की बाबा जुनीच उघडतील. फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आहे. एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) लिनक्स टाकण्याआधी बसवावी की नंतर, तेही सांगा. नागपुरात कोणी हे केलं असेल तर येऊन भेटायचीही तयारी आहे.